एक्झॉस्टची चिंधी

रबरात मिसळायची काजळी पिठाहून बारीक. पोतं फोडलं की नाकात, कानात, पापण्यांत शिरते. म्हणून कारखान्यातल्या मिक्सरवर धूळ बाहेर ओढणाऱ्या एक्झॉस्टचं पत्र्याचं तोंड होतं आणि त्याला एक चिंधी बांधलेली. चिंधी आत ओढली गेली तर पंखा धूळ खेचतोय. ती लोंबत असली तर पोतं फोडायचं नाही. हा नियम, सगळे जिला वहिनी म्हणत तिच्या नवऱ्याने घालून दिला, पण फार उशिरा. तोवर त्याच्या छातीचा भाता झाला होता. तो गेला आणि त्याच्या जागी वहिनी कामाला लागली.

त्या दुपारी चिंधी लोंबत होती. पंख्याची मोटर फिटरने बाकावर उघडून ठेवली होती.

"वहिनी, एका पोत्याचा तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "रुमाल बांधा तोंडाला."

"यांनीही रुमालच बांधला होता."

"मग उद्यापासून येऊ नका."

"येणार. आणि पोतंही फोडणार नाही."

साहेबांचं डोकं फिरलं. आजवर पोत्याला लांबूनच नमस्कार करणाऱ्या या माणसाने स्वतः सुरी घेतली आणि पोतं टराटरा फाडलं. काळा लोट उठला...

आणि चिंधी आत वळली.

सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं. मोटर तिथेच होती. पत्र्यातून मात्र श्वास ऐकू येत होता... लांब, शेवटी शिट्टी वाजणारा. उशाशी बसून ऐकलेला तो श्वास वहिनी कशी विसरेल? लोट एका घोटात आत गेला.

"बघा... ओढतंय की," साहेब चाचरत म्हणाले. "चालू द्या काम."

वहिनीला आधी रडू फुटलं, मग डोक्यात तिडीक गेली. मेल्यावरही यांच्याच छातीत ओतायचं? तिने एक्झॉस्टची झडप खाडकन लावली आणि पाठ टेकून उभी राहिली.

"पुरे झालं!" ती पत्र्याला म्हणाली. "माझ्यासाठीसुद्धा गिळायचं नाही. ऐकलंत?"

आतून पत्र्यावर कुणीतरी हलकेच थोपटलं. मग फिटर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, मग बाकीचे. त्या दिवशी पोत्यांना कुणी हात लावला नाही.

घरी खुंटीवर नवऱ्याचा धुतलेला टॉवेल होता. त्यावर मधोमध खोकल्याचा काळा डाग पडला होता, ओला. तिने तो धुतला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर पसरला.

"मोटर बसेपर्यंत हा इथेच राहणार."

मोटर संध्याकाळच्या आत बसली. वहिनी टॉवेल न्यायला गेली, तेव्हा साहेब खुर्ची भिंतीला लावून बसले होते. टॉवेलवर आता दोन डाग होते, दुसरा अजून ओला.

"आता यांना कुठली काजळी गिळावी लागली? पलीकडच्या शेडमधला पंखा चालू आहे ना, साहेब?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग टॉवेल राहू दे अजून," वहिनी म्हणाली, आणि पलीकडच्या शेडकडे निघाली.