जुनी प्रत

निकालाच्या दिवशी आमच्या परीक्षा कार्यालयाची वेबसाइट हमखास झोपायची आणि फोनवर शिव्या मी खायचे. ती दुरुस्त करायला कुणी आलंय, हे मला कोण सांगणार? मी आपली टेबलाखाली पाय सोडून बसले, तर खालच्या तारांच्या गुंत्यातून आवाज आला — "आई गं! बोटं आहेत ती!"

तेव्हापासून मी त्याला तारवाला म्हणायला लागले.

"एवढं काय करतोस रे?"

"प्रत्येकासाठी पान नव्याने बनतं, म्हणून सर्व्हर दमतो. आता तयार प्रत ठेवायची. तिला वेगळं पोर्ट, म्हणजे स्वतंत्र दार. बाहेरचे तिथूनच पान घेतील. ऑफिसातून तुम्ही थेट मूळ पान बघाल."

"आणि पान बदललं तर?"

"जुनी प्रत पुसायची. नाहीतर लोकांना शिळंच वाढशील," तो हसला. त्याच्या पापणीवर धूळ बसली होती. मी बघतच राहिले...

रोज मी चाचणीसाठी सूचनेची ओळ बदलायचे. तो प्रत पुसून, बाहेर जाऊन मोबाइलवर वाचायचा — 'तारवाल्या, छत्री विसरलास.' तो मुद्दाम विसरायचा. साहेब कधी साइट उघडत नसत, म्हणून निभावलं. साइट पळू लागली. काम संपत आलं होतं.

शेवटच्या दिवशी तो दारात घुटमळला.

"परदेशातली नोकरी आहे. गेलो की तीन वर्षं सुटका नाही. तोंडावर विचारायची हिंमत होत नाही गं... विमानतळावर पान उघडेन. 'थांब' दिसलं तर परत फिरेन."

"नाही दिसलं तर?"

"तर... छत्री तुला."

त्याची पाठ वळताच मी लिहिलं — थांब. माझ्या पडद्यावर ते ठळक दिसत होतं. जिन्यात पाऊल वाजलं की मी केस सारखे करायचे. दिवस कलला, तो आला नाही. आधी राग आला, मग शंका आली. मी ताईला फोन लावला.

"आमची साइट उघड ना. वर काय लिहिलंय?"

"अगंबाई, किती पटकन उघडली! 'तारवाल्या, छत्री विसरलास.' हे काय गं?"

प्रत पुसायचं काम नेहमी तोच करायचा. आज ते माझं होतं, आणि आनंदाच्या भरात मी विसरले. त्याचा फोन बंद होता. विमान सुटलं होतं.

मी प्रत पुसली. थोड्याच वेळात टेबलावरचा फोन वाजला. कुणाचे तरी वडील होते.

"मॅडम, साइटवर नुसतं 'थांब' आलंय. किती दिवस थांबायचं?"

"माहीत नाही हो, काका..." मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.