नदीपलीकडचे जोते

चौकशी समितीचा निष्कर्ष असा : ‘नदी ओलांडण्याजोगा उतार तपासताना पुरातत्त्व संशोधक स्केग्गी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे बुडाला.’ त्यावर शोधही थांबवण्यात आला. वाक्य रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे. त्यात फक्त सत्य नाही.

स्केग्गी माझा धाकटा भाऊ. आइसलंडच्या अंतर्भागात नद्यांवर पूल नाहीत. एकाने कमरेला दोर बांधून आधी पाण्यात उतरायचे, पलीकडे पोचल्यावर हात उंचावायचा, मगच दुसऱ्याने जीप घालायची. समितीने दोराचा उल्लेखही केलेला नाही.

मी एकटीच गेले. काळ्या वाळूच्या त्या पठारावर दिवसभर माझ्या इंजिनाखेरीज दुसरा आवाज नव्हता. आदल्या दिवशी पाऊस थांबून नदी ओसरली होती. पलीकडे नॉर्स वसाहतकारांच्या घराचे जोते आहे. तेच पाहायला तो निघाला होता. दोर तिथे होता, नीट गुंडाळलेला. शेजारी त्याचे बूट. बुडणारी माणसे इतकी टापटीप असल्याचे माझ्या वाचनात नाही.

जोत्याच्या मधोमध हजार वर्षांपूर्वीची चूल. त्याआधी आठवडाभर पाऊस कोसळत होता. मी राखेत हात घातला.

राख कोमट होती.

राखेचे वय ठरवणे हा माझा व्यवसाय. हिचे ठरवले नाही. त्याच्या नावाने हाका मारल्या. वाऱ्यानेही ओ दिली नाही.

त्याचा बालमित्र आणि त्या दिवशीचा चालक ओड्डुर आपल्या गॅरेजात होता. जीपमधली चालकाशेजारची सीट त्याने मुळापासून उखडून काढली होती.

“कॉफी घे, आल्फदीस. पार चिपाड झालंय तुझं.”

“स्केग्गीने हात वर केला होता?”

“अहवाल वाचलास ना? पुस्तकी किडे तुम्ही दोघं भावंडं!”

“वाचला. तो पलीकडे पोचला होता. दोर सापडलाय मला.”

त्याने कप ठेवला तो टेबलाच्या कडेवर. कप पडून फुटला. त्याने पाहिलेही नाही.

“आता तरी बोल, ओड्डुर. तिकडे कुणी शोधलेलंच नाही त्याला.”

शोध पुन्हा सुरू व्हावा, म्हणून त्याचा कबुलीजबाब शब्दशः देते :

“केला होता त्यानं पलीकडून हात वर. दोनदा. मी बघितलं आणि गाडी वळवली. अगं, स्केग्गी तर माझ्या शेजारी बसला होता! म्हणाला, ‘तिकडे बघू नकोस, घरी चल.’ तुझ्या दारात सोडलं मी त्याला. दार तूच उघडलंस.”