लोखंडाले कायचं सुतक

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, दिवस बुडता बुडता, आपल्या पुंडलिकरावचा नीरज जामहून टेम्पो घेऊन घरी आला. टेम्पोत काय, तं जीपची चार चाकं. टायर बदलवायले सकाळी नेलती. जुने टायर काई वाईट नव्हते, पण ह्याले पाह्यजे होते रुंद, दातरे, डोंगरात चालणाऱ्या गाडीले असतात तसे. जामपासून ह्याच्या दारापर्यंत सारा रस्ता डांबरी. जंगल म्हणाल तं मधात दोन बाभळी. मले सांगा राजेहो, तिथी चारही चाकांनी ओढणारी गाडी कायले पाह्यजे? पण शौक आहे ना लेकाचा! शौकापुढं अक्कल गहाण.

हे ऐकीव नाई सांगत मी. नीरजनं स्वतः सांगतलं, ह्याच ओट्यावर बसून. सांगता सांगता त्याच्या हातातला चहा गार झाला. हासायचं असन तं आत्ताच हासून घ्या बे.

जीप होती जामच्या हरिदासची. हरिदासनंबी ती घरीच उभी केलती, भंगारातून, आंगणात. एक दिवस तळेगावच्या उतारावर ब्रेकनं दगा देला. त्याची पाच वर्षाची पोरगी जागीच गेली. हरिदास वाचला, पण वाचून काय करता? वर्षाच्या आत तोबी गेला. जीप एका ढाब्यामागं पडून राह्यली. कोणी तिचा एक नट खोलून नेला नाई. लेकराचा जीव घेतलेली वस्तू, हात कोण लावन? नीरजनं लावला. फुकटाच्या भावात भेटली ना! चार लोकं बोलले तं म्हणे, "लोखंडाले कायचं सुतक?" बायकोले मात्र ह्यातलं अक्षर सांगतलं नाई. वर्षालीले वाटे, गाडी पुलगावाहून आणली.

मंग सुरू झाली पैशाची भरती. एक वस्तू खोलली का तीन खराब निघत. पत्रा ठोकला तं खाली गंज, गंज खरवडला तं आरपार भोक, भोकावर पुट्टी, पुट्टीवर रंग. दिल्लीहून पार्ट मागवला, तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला, अन् वापस कोणी घेईना. दुभती म्हैस इकली. बोअरची मोटर जळली ती तशीच पडून राह्यली, वर्षाली वांग्याच्या वाडीले बादलीनं पाणी टाकून राह्यली. अन् ह्यानं काय आणावं? विंच! जी गाडी घरी आणायले ट्रॅक्टर लागला, तिच्या नाकावर दुसऱ्याच्या गाड्या ओढायची विंच! साधा जॅक नव्हता घरात. चाकं काढली तं जीप विटांवर ठेवली बहाद्दरानं.

वर्षाली म्हणे, "ब्रेक तरी नवे टाका."

हा म्हणे, "ते दिसतेत का कोणाले?"

ब्रेकची रबरी नळी जुनीच होती, चिरा पडलेली. ती ह्यानं काळ्या रंगानं रंगवली. मोबाइलवर पाहून पाहून मिस्त्री झालता ना! वरून कीर्तन, आतून तमाशा.

दुसऱ्या दिवशी साळ्याचं लग्न होतं, तळेगाव श्यामजी पंतले. नीरज, वर्षाली अन् त्यायची चार वर्षाची गुंजन, तिघंबी ह्याच जीपनं जाणार होते. त्याच उताराहून.

"आपण बसनं जाऊ," वर्षाली म्हणे. "लेकराले घेऊन मी ह्या डब्यात बसत नाई."

"सासऱ्याच्या दारात एसटीतून उतरू? थैली घेऊन?" नीरज खेकसला. "गाडी कशासाठी केली मंग?"

वर्षाली पोरीले घेऊन आत झोपाले गेली. चाकं बसवून द्यायले गावातला प्रेमदास मिस्त्री जेवल्यावर येणार होता. येणार होता म्हणजे, आठ दिवसांपासून येणारच होता.

पंचमीचा चंद्र. लवकर बुडाला. अकरा वाजून गेलते. नीरजचा डोळा लागून राह्यलता, तेवढ्यात आंगणातून पान्याचा आवाज आला. खट्... खट्...

तो उठून बाहेर आला. टिनाच्या शेडखाली काळोख. जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. गुडघ्यापासून खालचे. ऑइलनं माखलेले.

"आता उगवला का बे प्रेमदास?"

नुसता एक हात बाहेर आला.

"चौदाचा पाना देजो."

नीरजनं अंधारात चाचपून पाना देला. बोटाले बोट लागलं. गारढोण. थंडीचे दिवस होते, ह्याले काई वाटलं नाई.

"हे कोणं बसवलं?" खालून आवाज आला.

"म्या."

"तू?" खालचा माणूस हासला. कोरडं, थुंकल्यावानी हासला. "नळी रंगवली लेकाच्यानं. मढ्याले पावडर लावली."

नीरजचं टाळकं सरकलं. "तुले चाकं बसवायले बोलावलं बे. शहाणपण शिकवायले नाई."

"विंच आणली. लाइटा आणल्या. ब्रेकले पैसा नाई भेटला?"

"तुले काय करायचं आहे? काम कर गुमान."

खट्... खट्...

"उद्या कोण कोण बसते हिच्यात?"

"मी, बायको, पोरगी."

"पोरगी कुठी बसते?"

"समोर. माह्या बाजूले. समोरच पाह्यजे तिले."

पान्याचा आवाज थांबला.



नीरजच्या खिशातला फोन वाजला. त्यानं कानाले लावला.

"भाऊ, प्रेमदास बोलून राह्यलो. आज काई जमत नाई बापा. मी अजून पुलगावातच आहो. सकाळी येतो."

फोन कानावरून खाली आला. त्याचा उजेड जीपच्या बुडाशी पडला...

विटा नव्हत्या. विटांचा भुगा झालता. जीप पोटावर बसलेली, जमिनीले टेकून. खाली जागा वीतभर... वीतभरबी नाई. मांजर शिरन. माणूस नाई.

पाय तिथीच होते.

"को... कोण आहे?"

मंग हळूच, अगदी हळूच, खालून आवाज आला.

"माहीबी समोरच बसे..."

नीरज घरात कसा आला, त्याचं त्याले ठाऊक नाई. कडी लावली. वरचा खटका लावला. दाराले पाठ लावून खाली बसला. समोर मायलेकी झोपलेल्या. गुंजन तोंडात आंगठा घेऊन. सुतक कायचं म्हणणारा हा वाघ, आता त्याले रामाचं नावबी आठवेना.

बाहेर पाना चालूच. खट्... खट्...

मंग काईतरी ओढल्याचा आवाज.

मंग खट्...

मंग... काई नाई.

ह्याच्या डोळ्याले डोळा लागला नाई. कोंबडा आरवला, पाखरं बोलाले लागली, तवा कुठी उठला अन् दार उघडलं.

जीप तशीच पोटावर बसलेली. पुढ्यात बारदाना आंथरलेला. त्याच्यावर ब्रेकचं सारं सामान खोलून मांडलेलं, चारही चाकांचं. मधात ती रंगवलेली नळी. नीरजनं उचलली तं हातातच तुटली. वरचा रंग तेवढा चकचकीत, आतलं रबर शिळ्या भाकरीवानी भुरभुर गळालं. एक दणका ब्रेक मारला असता, का झालं होतं. अन् तो उतार... समोरच्या सीटवर गुंजन...

गडी तिथीच फतकल मारून बसला. ढसाढसा रडला. रडू द्या. एवढी अक्कल याले रडूनच येत असते.

आवाज ऐकून वर्षाली बाहेर आली. त्यानं तिले सारं सांगतलं, हरिदासचंबी सांगतलं. ती काय बोलली ते मी लेकरांपुढं सांगत नाई. तिचं बोलून झाल्यावर तो म्हणे, "बसनं जाऊ."

वर्षाली पोरीले उठवायले आत गेली. अन् तिथूनच वरडली.

"अहो... हे काय लावलं इच्या गालाले?"

नीरज धावत गेला.

गुंजन आंथरुणावर डोळे चोळत बसलेली. उजव्या गालावर काळी तीट. लेकराले दृष्ट लागू नये म्हणून माय लावते ना, तशी. पण काजळाची नाई. जळक्या ऑइलची. वासबी तोच. अन् रुंद. गड्यामाणसाच्या आंगठ्याएवढी... आंगठ्याच्या रेषाबी उमटलेल्या.

"म्या नाई लावली," वर्षाली म्हणे.

नीरजनं आपले आंगठे त्या तिटीजवळ धरून पाह्यले. एक, मंग दुसरा.

दोन्हीबी लहान पडले.