भिंतीतल्या वायरची पिन

विश्वास ठेवा नाहीतर हसा, पण हे घडलंय. बोरिवलीत, गेल्या नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, भर दुपारी.

सुयोग केबलवाला थापा मारणारा माणूस नाही. आयुष्यात एकच मोठी थाप मारली त्याने, आणि तीच अंगाशी आली.

पाच वर्षांपूर्वी त्याचे उस्ताद लवूकाका गच्चीवरून पडून गेले. या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर टाकताना दोघांची खूण ठरलेली. दोन झटके म्हणजे ओढ. एक झटका म्हणजे थांब.

त्या दिवशी एकच झटका आला होता. सुयोगला घाई होती. त्याने ओढलं.

"काकांचा पाय घसरला," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. ती वायर गुपचूप गोराईच्या खाडीत फेकली.

आणि त्या गुरुवारी काकांच्या बायकोचा, वनमालाकाकीचा फोन आला.

"सुयोगा, टीव्हीच्या मागे ही वायर खंयची रे? काल नव्हती."

तो काकीच्या घरी गेला, तर भिंतीतून हातभर काळी वायर बाहेर आली होती. टोकाला पिन. सुयोगने बॅगेतले सगळे जॅक लावून पाहिले.

डिशचा... नाही.

कॅमेऱ्याचा... नाही.

जुन्या अँटेनाचा... तोही नाही.

त्याने रुमालाने पिन पुसली. रुमालाला चिखल लागला. ओला... खाडीचा वास येणारा.

मग दिसलं. दोन वेगळ्या पिना अर्ध्या-अर्ध्या कापून तांब्याच्या तारेने एकत्र बांधल्या होत्या. सामान मिळालं नाही की असला जुगाड एकच माणूस करायचा. लवूकाका.

सुयोगने पिन मुठीत झाकली.

"ओळखलंस?" काकीने विचारलं.

"नाय गं काकी. असेल कुठलीतरी जुनी."

वायर त्याच्या मुठीत ताणली गेली.

एक झटका...

तो वाट बघत राहिला. दुसरा आलाच नाही.

काकीनेही वायर हलताना पाहिली होती.

"एक म्हणजे थांब ना रे?" ती हळूच म्हणाली. "ह्यांनीच माका सांगितलेला. त्या दिवशी किती झटके इल्ले, सुयोगा?"

तो बॅग तिथेच टाकून पळाला. केबलचा धंदाही सोडला. काकीला उत्तर मात्र त्याने अजून दिलेलं नाही.

परवा मी त्याच्या घरी बसलो होतो. छताला टांगलेली कपड्यांची दांडी वर ओढताना त्याने एकदम दोरी सोडली. ओले कपडे धाडकन खाली आले.

"काय झालं रे?"

"वरून ओढली कुणीतरी," तो म्हणाला. "एकदाच."