चारुलताबाईंची उशी

मी भिवाजी, भिसेगावचा. एसी दुरुस्त करतो. भूतबीत मानणाऱ्यातला मी नाय. मानत बसलो तर लोकांच्या रिकाम्या बंगल्यांत शिडीवर चढणार कोण? पण खालापूरच्या त्या बंगल्याचं काय करू, ते तुमीच सांगा.

मे महिन्यात पुण्याहून अबोलीताईंचा फोन आला. "बाबा एकटेच असतात हो. एसीचं पाणी खोलीत गळतंय, भिंतीला बुरशी आलीय, त्यांचा खोकला जात नाही. नीट करा. नाही झालं तर मी त्यांना इकडे घेऊन येणार."

भर दुपारी पोचलो. दार दत्तोपंत गुरुजींनी उघडलं. बोलायच्या आधी दोनदा खाकरायची त्यांना सवय. घरात एवढं सामसूम, की माझ्याच पान्यांचा आवाज मला नको वाटायला लागला. झोपायच्या खोलीत न वाळलेल्या कपड्यांचा वास. पलंगावर दोन उशा.

एसी चालू करून बघतो, तर आतल्या युनिटचा ढाळच उलटा! कुणीतरी एका बाजूला पाचर ठोकलेली. पाणी पाइपातून बाहेर जायचं सोडून डाव्या टोकानं भिंतीवर नि पलंगावर पडत होतं.

"हे कुठल्या शहाण्यानं केलं, गुरुजी?"

ते दोनदा खाकरले. "मीच."

मी खाली बघितलं. थेंब बरोबर डाव्या उशीवर पडत होते, पण आवाज येत नव्हता. उशीला हात लावला. कोरडी ठाक.

"चारुलताची आहे," बायकोचं नाव घेत गुरुजी हळूच म्हणाले. "गेल्या मेमध्ये तापानं फणफणली होती. उशाशी तांब्या भरून ठेवायचा मीच विसरलो. एसीच्या आवाजात तिची हाक... ऐकूच आली नाही रे. सकाळी बघतो तर रिकामा तांब्या हातात, नि ती गेलेली. ती भांड्याला तोंड लावायची नाही. नेहमी वरून प्यायची..."

एसी सोळावर होता, तरी मला घाम फुटला.

"पाचर राहू दे, भिवाजी."

"मग ताई तुमाला घेऊन जातील."

गुरुजींनी डाव्या उशीवरून हात फिरवला. म्हणाले, "काढ."

पाचर काढली, ढाळ बाहेरच्या अंगाला केला. घराला वळसा घालून पाइप बघितला. थेंब पडत होते. खालची माती मात्र भिजत नव्हती. मी तिथंच थिजलो. तेवढ्यात गुरुजी खुर्ची घेऊन आले आणि पाइपाशेजारी रणरणत्या उन्हात बसले.

"उन्हात आलीस होय गं?" ते म्हणाले. माझ्याशी नव्हे.

आठ दिवसांनी ताई आल्या. उन्हात बसलेला बाप बघून रडल्याच बिचाऱ्या. पुण्याला न्यायचं ठरलं. मेन स्विच बंद करायला मलाच बोलावलं. गाडीत बसताना गुरुजींनी माझा हात घट्ट धरला. "आता एसी बंद राहणार रे. तू इकडून येतोस-जातोस ना...?"

मी "हो" म्हणालो. लय वाईट वाटलं हो. दुरुस्ती माझीच ना!

तेव्हापासून शिळफाट्याला कामावर जाताना वाट वाकडी करतो. त्या पाइपाखाली बाटली वरून ओततो. माती भिजत नाय. कान दिला की घोट गिळल्याचा आवाज येतो. पहिल्यांदा पळालो होतो. आता थांबतो. माझ्याही घरात वाट बघणारं कुणी नाय, तेवढीच सोबत.

आज दुपारी ओतत होतो. एक घोट वाजला. बाटली सरळ करणार, तेवढ्यात अगदी माझ्या बाजूला कुणीतरी खाकरलं... दोनदा. मग दुसरा घोट वाजला.

बाटली तिथंच टाकून आलो. घरी पोचतो न पोचतो तोच फोन वाजला. अबोलीताईंचा. आत्तापर्यंत सहा वेळा वाजलाय.

हा बघा, परत. तुमी उचलता का?