समोरच्या गाडीला वाट

तुम्ही दोघं उद्या नेदरकॉटच्या बाजूला निघालायत म्हणून सांगतो. एरवी नाही सांगत, रॉय प्रॉबर्टला आवडत नाही. रॉय माझं जुनं गिऱ्हाईक. तीस वर्षं त्याच्या गाड्या माझ्याच गॅरेजात आल्या. टॅम्सिन, दार ओढून घे, वारं येतंय.

रॉय आणि मॉरीन दोघंही सत्तरी ओलांडलेले. दर ऑक्टोबरला तीन दिवस गाडी काढून हिंडायचे. हमरस्ता टाळायचा, गावागावांतून जायचं, चर्चमध्ये डोकवायचं, जिथे केक बरा दिसेल तिथे चहाला थांबायचं. गाडी चालवणार रॉयच. मॉरीनने नकाशा धरायचा आणि त्याच्या चालवण्याला नावं ठेवायची. दोघांची मजेत चालली होती.

पण त्या वर्षी रॉयच्या आतल्या खिशात डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र होतं. अंधारात गाडी चालवू नका, नवीन वर्षापासून तर दिवसाही नको, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. मॉरीनला त्याने ते दाखवलं नव्हतं. दाखवलं की किल्ली गेली. चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला माणूस तो. किल्ली गेल्यावर आपण उरतो किती, हीच त्याला धास्ती.

गुरुवार होता, सव्वीस ऑक्टोबर. दिवसभर झोडपून पाऊस चारला थांबला. सहाच्या सुमारास नेदरकॉटच्या पबात वरच्या खोलीत बॅगा टाकल्या आणि मॉरीनच्या लक्षात आलं, पर्स चार मैल मागे, लोअर हेस्टनच्या चहाच्या दुकानात राहिली. फोन केला. दुकानवाली म्हणाली, आहे, माझ्यापाशी आहे, या केव्हाही.

"सकाळी जाऊ," मॉरीन म्हणाली. "काळोख पडलाय."

"काळोखाला काय झालं? मी काय आज पहिल्यांदा पाहतोय?"

"साडेसातला जेवण सांगितलंय. मटण निवलं तर माझ्या नावाने ओरडू नकोस."

"पर्स तू विसरायची, आणि ओरडायचंही मी नाही? वा रे न्याय!"

सकाळपर्यंत थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण 'काळोख' हा शब्द त्याला झोंबला. किल्ली उचलून तो जिना उतरला सुद्धा.

तो रस्ता तुम्हाला उद्या दिसेलच. एक गाडी कशीबशी मावेल एवढा. दोन्हीकडे डोक्यावर जाणारी झुडपं. मध्ये एक ओढा रस्त्यावरूनच वाहतो, पूल नाही, कडेला पाण्याची खोली दाखवणारा खांब. जाताना पाणी अर्ध्या चाकाला होतं. पर्स घेऊन परतताना, सात वाजायला दहा मिनिटं असताना, त्यांनी ओढा पुन्हा ओलांडला. तेव्हा पाणी थोडं चढलेलं वाटलं.

ओढा मागे टाकून अर्धा मैल गेले असतील. वळणावर समोर दिवे दिसले.

आता आपल्याकडचा रिवाज तुम्हाला माहीतच आहे. गाडी बाजूला घ्यायला रस्त्याकडेला केलेली खाच ज्याच्या मागे जवळ, त्याने मागे जायचं. दुसऱ्याने जाताना स्टिअरिंगवरचं बोट उचलून आभार मानायचे. हसू नकोस जोश, तू उचलत नाहीस हे सगळ्या गावाला माहीत आहे. रॉयसारखा माणूस तर वाद न घालता मागे जाणारा. त्याने गाडी उलटी घेतली.

खाच आली. तो वळवणार, तेवढ्यात समोरचे दिवे एवढे जवळ आले की वळवायला जागाच उरली नाही. शहरातला कोणी असेल, मॅनर्स नाहीत, असं मनाशी म्हणत तो आणखी मागे गेला. दुसरी खाच आली. तीही तशीच गेली. दिवे थांबेनात. इंजिनाचा आवाज मात्र एकच येत होता. स्वतःच्या गाडीचा.

मॉरीन गप्प होती. ती गप्प असणं हेच नवल. पर्स मांडीवर घेऊन समोर बघत होती.

"रॉय..."

"काय?"

"आपण मागे का चाललोय?"

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. "त्याला वाट नको द्यायला?"

"कोणाला?"

रॉयने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पांढराशुभ्र उजेड पडला होता. एकेक सुरकुती दिसत होती. आणि ती त्या उजेडात सरळ बघत होती. पापणी न लववता.

"मला वाटलं तुझं वळण चुकलं," ती म्हणाली. "पुढे कोणी नाहीये, रॉय."

गाडी मागे जात राहिली.

"रॉय, थांब."

"गाडी आहे."

"नाही."

"अगं, समोर..."

मागून आवाज आला. पाण्याचा. मघाचा नव्हे, मोठा. मागची चाकं जड झाली. इंजिन खोकलं. रॉयने करकचून ब्रेक दाबला.

मागे ओढा. पुढे दिवे. बॉनेटपासून दोन हात.

पुढे घातली आणि समोरची गाडी खरी असली तर टक्कर. मागे गेलो तर दोघंही ओढ्यात. तिचे डोळे खरे की आपले, एवढाच प्रश्न होता. आणि आपल्या डोळ्यांचा निकाल तर खिशातच होता. त्याला रडू फुटलं. पत्र काढून त्याने तिच्या पर्सवर ठेवलं.

"माझे डोळे गेलेत, मॉरीन. डॉक्टरांनी लिहून दिलंय... तू घे. मला नाही जमत."

तिने पत्र वाचलं नाही. "सरक," एवढंच म्हणाली.

दार उघडायची दोघांचीही छाती नव्हती. त्या वयात, आतल्या आत, गुडघे आपटत जागा बदलल्या. मॉरीनने गिअर टाकला.

गाडी पुढे निघाली.

दिवे हलले नाहीत.

रॉयने डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतूनही पांढरं दिसत होतं... मग अंधार. गारठा. उजवीकडून, मॉरीनच्या बाजूने, अगदी गाडीला लागून, काहीतरी हळूहळू मागे गेलं.

त्याने डोळे उघडले. मॉरीनने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललेलं होतं.

"कोणाला केलंस ते?"

तिने बोट परत स्टिअरिंगवर ठेवलं.

"...सवय," ती म्हणाली.

पबाच्या आवारात पोचले तेव्हा सात वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. दिव्याखाली गाडी लावून मॉरीन उतरली आणि तिथेच उभी राहिली. रॉय फेरा घालून तिच्या बाजूला आला.

चालकाच्या बाजूचा बाहेरचा आरसा मिटलेला होता. काचेला चिकटून. ही गाडी जुनी, आरसा बटणाने मिटत नाही, हातानेच ढकलावा लागतो. खिडक्या तर सबंध वेळ बंद होत्या.

"झुडपाला लागला असेल," मॉरीन म्हणाली.

रॉयने वाकून पाहिलं. आरशाच्या पाठीवर चिखल बसला होता आणि त्यात चार बोटं उमटली होती. दोन गाड्या घासून जायच्या वेळी समोरचा भला माणूस तुमचा आरसा अलगद मिटतो ना, तशी.

पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. हे त्याने मला स्वतः सांगितलं. म्हणाला, डोळ्यांनी दगा दिला नव्हता रे माझ्या! क्षणभर नुसता आनंद झाला.

मग मॉरीनने किल्ली त्याच्यापुढे धरली.

"उद्या तू चालव," ती म्हणाली. "मला ते दिसत नाहीत."

रॉयने किल्ली घेतली नाही. आजतागायत घेतलेली नाही.

सोमवारी गाडी माझ्याकडे आली. आरसा तसाच मिटलेला होता, मॉरीनने हात लावला नव्हता. चिखल वाळून कडक झाला होता. बोटं मी नीट पाहिली. चारच. आजूबाजूला ओरखडा एकही नव्हता.