गोळी घेतलीत का?

"ओ पेंटर, ओळ घसरतेय तुमची!"

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या नव्या पाटीखाली उभी राहून मी ओरडले. शिडीवरच्या माणसाने अख्खी मान वळवून खाली बघितलं... आणि एक डोळा मिटला.

"डोळा मारताय?" माझा पाराच चढला.

"छे हो! दोन्ही उघडे ठेवले की तुम्ही दोन दिसता. एकीनेच एवढं झापलंय, दुसरी कशाला?"

हसावं की रागवावं, कळेना. पण रुग्णांच्या डोळ्यांची हालचाल तपासणं हे माझं कामच. त्याला खाली उतरवलं, आत बसवलं, डोळ्यांपुढून पेन फिरवलं. पेन डावीकडे गेलं आणि तो कळवळला. पापणी सुजलेली, डोळा लालभडक.

"किती दिवस झाले?"

"आठ. म्हटलं, डोळ्यात रंग उडाला असेल..."

"रंग आठ दिवस दुखतो?"

डॉक्टरीणबाईंनी स्कॅन बघून सांगितलं – डोळा फिरवणाऱ्या स्नायूला सूज आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या, त्याही खाऊनच घ्यायच्या. दर आठवड्याला थोड्या थोड्या कमी करायच्या, पण आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

चार दिवसांत त्याला बरं वाटलं, आणि दहाव्या दिवशी या शहाण्याने गोळ्या बंद केल्या! महिन्याभरात स्वारी पुन्हा हजर. तोच डोळा, तीच कळ.

"बरं वाटलं म्हणून..."

"पेंटर, पहिला हात वाळला की दुसरा न देताच शिडी उचलता का तुम्ही?"

तो हळूच म्हणाला, "पाट्या रंगवणं सुटेल का हो माझं?"

त्याचा पडलेला चेहरा मला बघवेना, आणि त्यामुळे आणखीच राग आला. "स्नायू असा सारखा सुजत राहिला तर आखडेल. मग सुटेलच!"

गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी आठला माझा फोन.

"खाल्लंत? गोळी घेतलीत?"

"खाल्लं. घेतली. आज आवाज गोड येतोय तुमचा."

"गोळीचा परिणाम असेल. डॉक्टरांना सांगा."

आई आतून विचारायची, "सगळ्याच रुग्णांना करतेस का गं असे फोन?" नेमकं तेव्हाच दूध उतू जात असायचं.

अकरा आठवड्यांनी गोळ्या संपल्या. डोळा चारी बाजूंना छान फिरत होता, जे एक होतं ते एकच दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी सुट्टी दिली. "येतो," म्हणाला आणि चालता झाला. बस्स! एवढंच!

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. मी फोनकडे बघत बसले. करणार तरी कशासाठी? सव्वाआठला तोच वाजला.

"फोन का नाही केलात?"

"गोळ्या संपल्या ना तुमच्या."

"अहो, मी उपाशी बसलोय इथे! म्हणजे... कुणी विचारल्याशिवाय खायची सवयच गेलीय. रोज विचाराल? म्हणजे... कायमचं?"

"एवढं बोलायला तिसऱ्यांदा डोळा सुजवून घेता की काय, असं वाटायला लागलं होतं मला!"

"म्हणजे – हो?"

"हो! आता खा काहीतरी. आणि फोन ठेवा, आई दारात उभी राहून ऐकतेय."